प्रत आहे, पण परत उभं राहता येईल का?

२७ जून २०१७, मंगळवार. आदल्या दिवशी ईद-उल-फित्र झाली होती, म्हणजे आमच्या वाकोल्यात बासी ईद होती. त्याच दिवशी खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. जेएनपीटीमधलं हे ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही कंपनी डेन्मार्कच्या मार्स्क समूहाची. कोणता कंटेनर कुठे ठेवलाय, कोणत्या ट्रकने काय न्यायचंय, हे सांगणारी यंत्रणाच गेली. कामगारांना हाताने नोंदी कराव्या लागल्या आणि बंदराबाहेर ट्रक अडकून पडले.

बातम्यांमध्ये ‘सायबर हल्ला’, ‘खंडणी मागणारा व्हायरस’ असे शब्द आले. दोन-चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. पण त्या घटनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट खंडणीची नव्हतीच. ती होती एका वहीची. कंपनीत कोण कोण आहे, कुणाला कोणतं दार उघडतं, हे लिहून ठेवणारी वही. ती नष्ट झाली तर पुन्हा लिहिता येते का, हा प्रश्न त्या आठवड्यात जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एकीसमोर उभा राहिला. हाच प्रश्न आपल्या शहरात त्याआधीही येऊन गेला होता आणि नंतरही आला. त्याचा हा थोडक्यात इतिहास.

डिरेक्टरी म्हणजे काय?

मुंबईकरांना डिरेक्टरी म्हटलं की एमटीएनएलचं जाडजूड पुस्तक आठवतं. संगणकातल्या डिरेक्टरीचं मूळही टेलिफोनच्या जगातच आहे. टेलिफोन खात्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८८मध्ये ‘एक्स.५००’ नावाचं मानक तयार केलं. हेतू असा की, माणसांची आणि यंत्रांची यादी एका ठरावीक पद्धतीने ठेवावी आणि कुठूनही शोधता यावी. हे मानक वापरायला अवजड होतं, म्हणून १९९३च्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात त्याची हलकी आवृत्ती ‘एलडॅप’ तयार झाली. त्याच वर्षी नॉव्हेल कंपनीने आपली डिरेक्टरी बाजारात आणली. फेब्रुवारी २०००मध्ये विंडोज २०००बरोबर मायक्रोसॉफ्टची ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ आली आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक मोठ्या कार्यालयांत तीच बसली.

सकाळी ऑफिसात जाऊन आपण नाव आणि पासवर्ड टाकतो, तेव्हा आपल्या टेबलावरचा संगणक आपल्याला ओळखत नसतो. तो डिरेक्टरी सर्व्हरला विचारतो, ‘हा माणूस आपला आहे का?’ होकार आला की दार उघडतं. ई-मेल, पगाराची यंत्रणा, फायली, प्रिंटर, काही ठिकाणी तर इमारतीचं दारसुद्धा याच होकारावर चालतं. या सर्व्हरला ‘डोमेन कंट्रोलर’ म्हणतात. ही वही गेली तर बाकीचे शंभर सर्व्हर धडधाकट असूनही उपयोग नाही, कारण कुणी कुणाला ओळखतच नाही.

म्हणून अशी वही एकाच ठिकाणी ठेवत नाहीत. दोन, चार, दहा सर्व्हरवर तिच्या प्रती असतात. एकीत बदल झाला की थोड्या वेळात सगळ्यांत होतो. एक सर्व्हर जळाला तर दुसरा काम चालू ठेवतो. ऐकायला हे फार सुरक्षित वाटतं. पण यातच एक मेख आहे. चांगला बदल जितक्या वेगाने पसरतो, तितक्याच वेगाने वाईटही पसरतो. कुणी चुकून हजार खाती पुसली, तर सगळ्या प्रती इमानदारीने ती हजार खाती पुसतात.

९४४ आणि ७३

आता वाकोल्याकडे येऊ. २६ जुलै २००५ची आठवण आमच्या भागात कुणाला करून द्यावी लागत नाही. सांताक्रूझची वेधशाळा आमच्या शेजारची. २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत तिथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. वाकोला नाला कलिन्याच्या बाजूने वाहत बीकेसीजवळ मिठी नदीला मिळतो. त्या दिवशी मिठीच तुंबली होती, त्यामुळे नाल्याचं पाणी पुढे जायच्या ऐवजी वस्त्यांत शिरलं. कलिन्यात, एअर इंडिया कॉलनीत तळमजले बुडाले. मुंबईत ४००हून अधिक माणसं गेली. विमानतळ बंद पडला आणि उपनगरांतल्या काही भागांत पुढचे काही दिवस वीज नव्हती.

त्याच २४ तासांत कुलाब्याच्या वेधशाळेने नोंदवलेला पाऊस होता सुमारे ७३ मिलिमीटर. एकच शहर, एकच महापालिका, मधलं अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास. एका टोकाला प्रलय आणि दुसऱ्या टोकाला पावसाळ्यातला नेहमीचा दिवस.

संगणकाच्या भाषेत सांगायचं तर ‘दुसरी प्रत लांब ठेवा’ या नियमाचा याहून स्पष्ट पुरावा सापडणं कठीण. त्या काळी उपनगरांतल्या अनेक छोट्या कार्यालयांत बॅकअपची टेप सर्व्हरच्याच खोलीत, खालच्या कपाटात असायची. जनरेटर तळघरात आणि सर्व्हर तळमजल्यावर, कारण तिथे जागा स्वस्त आणि यंत्रं चढवायचा त्रास नाही. पाण्याने मूळ आणि प्रत असा भेद केला नाही.

योगायोग असा की, रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी १५ एप्रिलला बँकांना आपत्तीतही कामकाज चालू ठेवण्याच्या आराखड्याबद्दल परिपत्रक पाठवलं होतं. सव्वातीन महिन्यांत निसर्गाने त्याच विषयाची परीक्षा घेतली. पुढच्या काळात दूरच्या शहरात दुसरं केंद्र ठेवणं बँकांत आणि मोठ्या कंपन्यांत रूढ होत गेलं. चेन्नई, हैदराबाद, बंगळुरू ही नावं या संदर्भात ऐकू येऊ लागली. अंतराचा धडा मुंबई शिकली. पण अंतर हे सगळ्या आपत्तींवरचं औषध नाही, हे कळायला बारा वर्षं जावी लागली.

घानातला एक सर्व्हर

पुन्हा २०१७. ‘नॉटपेट्या’ नावाचा हा विषाणू युक्रेनमधल्या ‘एम.ई.डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला. तिथल्या असंख्य कंपन्या कर भरण्यासाठी ते वापरत. मार्स्कच्या ओडेसा इथल्या कार्यालयातही ते होतं. विषाणू पडद्यावर खंडणी मागत होता, पण पैसे भरूनही काही परत मिळणार नव्हतं. तो पुसून टाकण्यासाठीच बनवलेला होता. शिवाय तो संगणकाच्या स्मृतीतून पासवर्ड उचलायचा आणि त्या अधिकाराने पुढच्या यंत्रात शिरायचा. म्हणजे ज्या वहीवर सगळ्यांचा भरवसा, त्या भरवशाचाच त्याने रस्ता केला. पुढच्या वर्षी अमेरिका आणि ब्रिटनने या हल्ल्याची जबाबदारी उघडपणे रशियाच्या लष्करावर टाकली.

मार्स्ककडे जगभर सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर होते. प्रत्येकाकडे वहीची प्रत. इतक्या देशांत, इतक्या अंतरावर प्रती असताना काळजी कसली, असं कुणालाही वाटलं असतं. पण ते सगळे एकमेकांना तारेने जोडलेले होते आणि विषाणूही तारेनेच आला. थोड्या वेळात एकामागून एक सगळे पुसले गेले. बाकीच्या बऱ्याच यंत्रणांचे बॅकअप होते. फक्त या वहीचा वेगळा बॅकअप सापडेना. दीडशे प्रती हाच आपला बॅकअप, अशी समजूत होती.

शेवटी एक सर्व्हर जिवंत सापडला, पश्चिम आफ्रिकेतल्या घानामध्ये. हल्ल्याच्या वेळी तिथली बत्ती गुल होती. यंत्र बंद, म्हणून नेटवर्कपासून तुटलेलं, म्हणून वाचलेलं. तिथली इंटरनेट लाइन इतकी हळू की, सगळा डेटा ब्रिटनला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एकजण हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिली आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. जगाच्या कंटेनर वाहतुकीचा जवळपास पाचवा हिस्सा सांभाळणारी कंपनी एका माणसाच्या हातातल्या डिस्कवर पुन्हा उभी राहिली.

जानेवारी २०१८मध्ये दावोसला मार्स्कचे अध्यक्ष जिम हॅगमन स्नाबे यांनी सांगितलं की, ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने बसवावे लागले. कंपनीने नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर दिला होता. त्या दहा दिवसांत न्हावा शेव्याच्या रस्त्यावर ट्रकमध्ये झोपलेल्या ड्रायव्हरांचा हिशेब अशा आकड्यांत धरला जात नाही.

सांताक्रूझ आणि कुलाब्याने ‘लांब ठेवा’ शिकवलं होतं. घानाने ‘तोडून ठेवा’ शिकवलं. पूर जागेवर येतो, म्हणून अंतर वाचवतं. विषाणू तारेवरून येतो, म्हणून तार नसणं वाचवतं. एकाच प्रतीने दोन्ही संकटं टळत नाहीत.

रविवारची तालीम

तेव्हा मी अंधेरीतल्या एका कंपनीच्या संगणक विभागात होतो. मार्स्कची हकीकत बाहेर आल्यावर आमच्या वरिष्ठांनी एक दिवस विचारलं, “आपली वही गेली तर किती वेळात उभी राहील?” फाइलमध्ये उत्तर तयार होतं, दोन तास. कुणीतरी कधीतरी लिहिलेलं. वरिष्ठ म्हणाले, “मग रविवारी करूनच बघू.”

अशी तालीम चालू नेटवर्कवर करता येत नाही. बॅकअपमधून उठवलेला जुना सर्व्हर जिवंत सर्व्हरांशी बोलू लागला, तर जुन्या-नव्या नोंदींची गल्लत होते. म्हणून एक वेगळा स्विच, दोन रिकामी यंत्रं, बाहेर जाणारी एकही केबल नाही, अशी मांडणी केली. अट एकच होती. आपले सगळे डोमेन कंट्रोलर मेलेत असं समजायचं आणि हातात आहे तेवढ्यावर उभं राहायचं.

सकाळी नऊला सुरुवात झाली. पहिलाच अडथळा बॅकअपच्या सॉफ्टवेअरने आणला. ते उघडायला नाव-पासवर्ड हवा होता आणि ते खातं होतं त्याच डिरेक्टरीत, जी मेली असं आम्ही धरलं होतं. तिजोरीची किल्ली तिजोरीतच! दुसरा अडथळा त्याहून मोठा. डिरेक्टरी परत बसवताना सर्व्हर एका खास अवस्थेत सुरू करावा लागतो. त्याचा पासवर्ड वेगळा असतो आणि तो सर्व्हर पहिल्यांदा उभा केला त्या दिवशी ठरवलेला असतो. आमच्याकडे तो पाकिटात होता, पाकीट सीलबंद होतं आणि आतला पासवर्ड लागत नव्हता. ज्यांनी लिहिला ते गृहस्थ तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेले होते. त्या दिवशी खरा सर्व्हर शेजारच्या खोलीत चालू होता, म्हणून त्यावर नवा पासवर्ड लावून, ताजा बॅकअप घेऊन पुढे जाता आलं. खरी आपत्ती असती तर खेळ तिथेच संपला असता.

दुपारी सर्व्हर उठला, खाती दिसू लागली, पण लॉगिन होईना. यंत्रांना डिरेक्टरीचा पत्ता सांगणारी डीएनएस यंत्रणा होती त्याच डिरेक्टरीच्या आत. शिवाय उठलेला सर्व्हर आपल्या जुन्या भावंडांची वाट बघत बसला होता. ती आता येणार नाहीत हे त्याला सांगावं लागतं. त्यांची नावं यादीतून एकेक करून काढावी लागतात, त्यांच्याकडची कामं याच्याकडे घ्यावी लागतात, नव्या खात्यांच्या क्रमांकाची मालिका बरीच पुढे ढकलावी लागते. सगळ्या ओळखपत्रांवर शिक्का मारणारं एक मूळ खातं असतं, त्याचा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, म्हणजे चोराच्या हाती गेलेला जुना शिक्का निकामी होतो. संध्याकाळी सहाला एका चाचणी खात्याने पहिलं लॉगिन केलं.

फाइलमध्ये दोन तास होते, प्रत्यक्षात नऊ लागले. त्यातली बरीच मदत तर जिवंत सर्व्हरकडून घेतलेली. पण त्या रविवारी हाती लागलेली यादी फाइलपेक्षा मोलाची होती. बॅकअपचं खातं डिरेक्टरीबाहेर काढलं. पासवर्डचं पाकीट दर तीन महिन्यांनी उघडून, वापरून पाहून पुन्हा सील करायचं ठरलं. बॅकअपची एक डिस्क केबलशिवाय दुसऱ्या इमारतीत ठेवली. पावलांची यादी छापून कागदावर ठेवली, कारण संगणक बंद पडल्यावर संगणकातली यादी वाचणार कोण? सहा महिन्यांनी पुन्हा तालीम झाली, तेव्हा मुद्दाम पहिल्या वेळी नसलेल्या दोन मुलांना बसवलं. त्यांनी कागद वाचत वाचत चार तासांत काम केलं. कागदावरच्या दोन पायऱ्या त्यांना समजल्या नाहीत, त्या तिथेच बदलल्या.

बीकेसीतला बुधवार

वाकोल्यातून बीकेसी म्हणजे रिक्षाचं अंतर. तिथे राष्ट्रीय शेअर बाजाराची, म्हणजे एनएसईची इमारत आहे. त्यांचं पर्यायी केंद्र चेन्नईला. अंतराचा धडा पाळलेला. तरीही २४ फेब्रुवारी २०२१, बुधवारी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी एनएसईला व्यवहार थांबवावे लागले. दोन दूरसंचार कंपन्यांच्या लाइनी अस्थिर झाल्या, त्यातून साठवणुकीची यंत्रणा आणि मग जोखीम मोजणारी यंत्रणा कोलमडली. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी पावणेचारला आणि त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. दरम्यान चेन्नईचं केंद्र होतं तिथेच होतं. त्याच्याकडे बाजार वळवला गेला नाही.

चार महिन्यांपूर्वी, १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबईची वीज गेली होती आणि लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. अशा वेळी शहराला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून स्वतःच्या विजेवर चालवण्याची ‘आयलँडिंग’ व्यवस्था मुंबईकडे पूर्वीपासून आहे. त्या दिवशी ती अपुरी पडली. दोन्ही घटनांत पर्याय नव्हता असं नाही. पर्याय कागदावर होता, यंत्रांतही होता. पण गरजेच्या घटकेला त्यावर जाता आलं नाही.

महिनाभरात, २२ मार्च २०२१ रोजी सेबीने नियम आवळले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत कामकाज पुन्हा सुरू करायचं, पर्यायी केंद्रावरून का होईना. मला यातलं पहिलं कलम जास्त महत्त्वाचं वाटतं. यंत्र बदलणं सोपं असतं. ‘आता मूळ जागा सोडू या’ हे कुणी म्हणायचं, हेच ठरत नसतं. प्रत्येकाला वाटतं, अजून पाच मिनिटं थांबू, होईल सुरू. सेबीने त्या पाच मिनिटांना मर्यादा घातली.

पुढे २ मार्च २०२४ला शनिवार असूनही शेअर बाजार मुद्दाम उघडला. एनएसईवर सकाळी सव्वानऊ ते दहा मूळ केंद्रावरून व्यवहार झाले, मग मधल्या वेळात सगळं पर्यायी केंद्रावर हलवलं आणि साडेअकरा ते साडेबारा तिथून खरे व्यवहार झाले. खरा पैसा, खरे ग्राहक. १८ मे २०२४ला पुन्हा तसंच झालं. अनेकांनी याला सुट्टीतली नसती कटकट म्हटलं. माझ्या मते ती या शहराच्या संगणक-इतिहासातली ठळकपणे नोंदवावी अशी तारीख आहे. कारण ‘आमच्याकडे व्यवस्था आहे’ असं म्हणण्याऐवजी ‘आम्ही चालवून दाखवतो’ असं बाजाराने सगळ्यांसमोर केलं.

आपल्या घरची वही

हे सगळं मोठ्या कंपन्यांचं झालं. पण २००५च्या पुरानंतर आमच्या नाल्याकाठच्या वस्तीत आठवडाभर दोऱ्यांवर कपड्यांबरोबर कागद वाळत होते. रेशनकार्ड, दाखले, भाडेपावत्या, मुलांच्या मार्कशीट. माणूस तोच, घर तेच, पण शाई पसरली की तो कोण हे पटवून देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. कंपनीची डिरेक्टरी गेल्यावर कर्मचाऱ्याचं जे होतं, तेच गरिबाचा कागद गेल्यावर त्याचं होतं. फरक इतकाच की, कंपनीसाठी कुणीतरी विमानाने डिस्क घेऊन येतं.

आता लोक म्हणतात, काळजी नाही, सगळं मोबाइलमध्ये आहे, डिजिलॉकरमध्ये आहे. चांगली गोष्ट आहे. पण डिजिलॉकर उघडायला ओटीपी लागतो आणि तो येतो त्याच नंबरवर, जो पाण्यात पडलेल्या मोबाइलमध्ये आहे. काहींच्या आधारला जोडलेला नंबर कधीच बंद झालेला असतो. तिजोरीची किल्ली तिजोरीतच, हा प्रकार सर्व्हररूमपुरता नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती. पुढच्या पावसाळ्याआधी एका रविवारी घरी तालीम करा. आपला मोबाइल हरवला आणि कपाट भिजलं असं समजा, तो मोबाइल बंद करून बाजूला ठेवा आणि दुसऱ्याच्या मोबाइलवरून आपला एक तरी दाखला मिळवून दाखवा. मिळाला तर प्रत खरी. नाही मिळाला, तर कुठे अडलं ते कागदावर लिहा आणि तेवढं दुरुस्त करा. ज्या कंपनीत तुम्ही काम करता तिथेही विचारा. बॅकअप घेता का, हे विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. शेवटचा परत कधी उभा करून पाहिला, एवढंच विचारा.